आतषबाजी, तिवई आणि बाबांचा हात

फ्लोरिडातील वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये मॅजिक किंगडमच्या दारापर्यंत स्वतःची मोटार नेता येत नाही. ती दूरच्या वाहनतळावर लावायची आणि उरलेला प्रवास मोनोरेलने किंवा सेव्हन सीज लगून या मानवनिर्मित सरोवरातून बोटीने करायचा, अशी योजना १९७१ मध्ये हे उद्यान उघडले तेव्हापासून आहे. व्हीलचेअरवरील ज्येष्ठांना मी बोटच सुचवीन. खुर्ची सपाट वाटेने थेट खालच्या डेकवर जाते, वारा लागतो आणि समोर सिंड्रेलाचा किल्ला हळूहळू मोठा होत जातो. त्या जानेवारीच्या दुपारी माझे एकोणऐंशी वर्षांचे वडील कठड्याला टेकून तो किल्ला डोळे बारीक करून पाहत होते आणि त्यांच्या मांडीवर कापडात गुंडाळलेली एक लांबट वस्तू होती. तिला ते ‘तिवई’ म्हणत. दुकानदाराच्या भाषेत तो ट्रायपॉड.

बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. ॲग्फा क्लिक थ्रीपासून त्यांनी फोटो काढले. कृष्णेचे पूर, विसर्जनाच्या मिरवणुका, आम्हा भावंडांची तोंडे. तीन वर्षांपूर्वी त्यांनी कॅमेरा कपाटात ठेवला तो ठेवलाच. कारण विचारले की म्हणत, “आता काय फोटो काढायचे राहिलेत?” खरे कारण हाताचा कंप हे होते. मला घरातलीच डॉक्टर असूनही ते कळायला वर्ष लागले. ते कपबशीऐवजी पेल्यातून चहा मागू लागले तेव्हा माझे लक्ष गेले.

येथे थोडे विषयांतर करते, कारण हा घोटाळा मी दवाखान्यात नेहमी पाहते. हात थरथरला की घरचे लोक ‘कंपवात’ म्हणून मोकळे होतात. कंपवातात, म्हणजे पार्किन्सन्समध्ये, हात बहुधा स्वस्थ पडलेला असताना थरथरतो आणि त्याबरोबर हालचाली मंद होतात, अंग ताठरते. बाबांचा कंप निराळा. हात मांडीवर असला की शांत, काही उचलले, धरले, लिहायला घेतले की सुरू. याला एसेन्शिअल ट्रेमर म्हणतात. उपाशीपोटी, थकल्यावर, कडक कॉफीनंतर आणि चार लोक पाहत असताना तो वाढतो. दम्याच्या काही पंपांनीही वाढतो. निदान प्रत्यक्ष तपासणीनेच करावे, दूरध्वनीवरून करू नये. बाबांना आमच्या न्यूरॉलॉजिस्टनी प्रोप्रॅनोलॉल दिले. दमा असणाऱ्यांना हे औषध चालत नाही आणि सुरू असलेले एकाएकी बंद करायचे नसते. म्हणून प्रवासात ती पाकिटे मोठ्या बॅगेत न ठेवता हातातल्या सामानात ठेवली.

औषधाने कंप कमी झाला, गेला नाही. माझी धाकटी बहीण टँपाला असते. तिने ऑर्लँडोचा बेत सांगितला तेव्हा बाबांनी एकच प्रश्न विचारला: तिथली आतषबाजी किती वेळ चालते? सुमारे अठरा मिनिटे, असे ती म्हणाली. त्याच आठवड्यात कॅमेरा कपाटाबाहेर आला.

आतषबाजीच्या छायाचित्रात एक गंमत आहे. त्यासाठी शटर दोन ते सहा सेकंद उघडे ठेवावे लागते. ठिणगी वर चढते, फुटते, पाकळ्या खाली ओघळतात. तो सगळा मार्ग एका चित्रात उतरायचा तर तेवढा वेळ लागतोच. इतका वेळ कॅमेरा स्थिर धरणे पंचविशीतल्या तरुणालाही शक्य नाही. बाबांना हे माझ्या आधी ठाऊक होते. “त्या चार सेकंदांपुरते सगळेच माझ्यासारखे,” ते म्हणाले.

ट्रायपॉडची निवड मात्र सोपी निघाली नाही. आधी मी उत्साहाने एक उंच, भक्कम आणि अडीच किलोचा ट्रायपॉड आणला. तो घरीच राहिला. डिस्ने वर्ल्डच्या नियमानुसार साध्या पाठपिशवीत न मावणारा किंवा उघडल्यावर सहा फुटांहून उंच होणारा ट्रायपॉड आत नेता येत नाही. सेल्फी स्टिकला तर पूर्ण मनाई आहे. नियम बदलतात, म्हणून निघण्यापूर्वी उद्यानाच्या अधिकृत सूचना पुन्हा वाचाव्यात. घडी केल्यावर चाळीस सेंटिमीटरच्या आसपास भरणारा ट्रायपॉड बहुतेक पाठपिशव्यांत बसतो.

वजनाचा विचार करताना विकत घेणारा आणि वाहणारा ही दोन माणसे असू शकतात हे विसरू नये. कार्बन फायबरचा महाग, पण सव्वा किलोच्या आसपास मिळतो. ॲल्युमिनियमचा स्वस्त, पण थोडा जड. आम्ही कार्बनचा घेतला. पैसे वाचवायचे असतील तर ॲल्युमिनियमनेही चित्र तितकेच चांगले येते. फरक वाहणाऱ्याच्या खांद्याला कळतो.

वयस्कर हातांसाठी सर्वांत महत्त्वाची गोष्ट जाहिरातीत क्वचितच सांगतात, ती म्हणजे पायांच्या कळा. पाय चार तुकड्यांचा असेल तर प्रत्येक पायाला तीन कळा, म्हणजे एकूण नऊ. पाच तुकड्यांचा असेल तर बारा. उघडताना नऊ, मिटताना नऊ. या कळा फिरवून घट्ट करायच्या असतील, तर अंगठ्याच्या मुळाशी संधिवात असलेल्यांना रात्री अंगठा शेकत बसावे लागेल. बोटाने उघडझाप होणाऱ्या पट्टीच्या कळा त्यामानाने दयाळू. त्यांत कातडी चिमटण्याचा धोका मात्र असतो; रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांच्या हातावर एवढ्याशा चिमट्याने काळानिळा डाग उठतो. कॅमेरा बसतो तो गोल माथा एका मोठ्या मुठीने आवळता यावा, हेही दुकानात स्वतः हात लावून पाहावे. ज्येष्ठांना घरी ठेवून त्यांच्यासाठी ट्रायपॉड आणू नये. चष्मा आणि चपला आपण तशा आणत नाही.

उंचीचेही असेच. बाबा खुर्चीत बसून फोटो काढणार होते, म्हणून कॅमेरा बसल्या नजरेला यायला हवा. मग मधला दांडा वर काढायची गरज पडत नाही आणि ते बरेच. तो दांडा वर गेला की सगळा डोलारा हलू लागतो.

दिवाळीत सांगलीच्या गच्चीवर रंगीत तालीम झाली. शेजारच्या मुलांचे बाण उडत होते आणि बाबा आयएसओ शंभर, छिद्र एफ अकरा, असे पुटपुटत होते. पहिली दहा चित्रे हलली, कारण बटण दाबताना बोटाचा कंप कॅमेऱ्यात उतरत होता. मग तारेने जोडलेले बटण आणले. ते कॅमेऱ्यापासून अलग हातात धरायचे, बाण वर निघाला की दाबायचे, फूल मिटत आले की सोडायचे. हात मांडीवर खुशाल थरथरू दे. तार सैल असली की कॅमेऱ्याला त्याचा पत्ता लागत नाही. त्या रात्री ते जेवायला खाली आले नाहीत. ताट वर न्यावे लागले.

मॅजिक किंगडममधली पहिली संध्याकाळ मात्र माझ्यामुळे वाया गेली.

किल्ल्यासमोर एक मोठा गोल चौक आहे. मध्ये वॉल्ट डिस्ने आणि मिकी माऊस हात धरून उभे असल्याचा पुतळा आहे. आतषबाजीपूर्वी तास-दीड तास आधीपासून तेथे लोक जागा धरतात. आम्हीही धरली. बाबांना प्रसाधनगृहात नेऊन आणले, बिस्किटे दिली, अंगावर शाल घातली. सगळे रीतसर. चूक एवढीच की पाण्याच्या बाटल्या, जाकिटे, लेन्स आणि ट्रायपॉड असलेली पाठपिशवी मी व्हीलचेअरच्या मागच्या मुठींना अडकवली होती. पाचेक किलोंचे वजन. बसलेल्या माणसाच्या भाराने खुर्ची तोललेली असते. तो उठला की तोल मागे जातो. चौकातले दिवे मंदावले, गर्दीतून हर्षाचा आवाज उठला आणि बाबा नीट दिसावे म्हणून उठून उभे राहिले. खुर्ची मागे कलंडली. त्यांना ते कळले नाही. ते मागे न पाहता पुन्हा बसायला वाकले.

मागे उभ्या असलेल्या एका तरुणाने त्यांना काखेत हात घालून धरले. मी तेव्हा मोबाईलवर वाऱ्याची दिशा पाहत होते. एकोणऐंशीव्या वर्षी असे पाठीवर पडणे म्हणजे काय, हे खुब्याच्या अस्थिभंगाचे रुग्ण पाहिलेल्या कोणाही डॉक्टरला सांगावे लागत नाही. मी खुर्ची उभी केली, चाकांचे ब्रेक लावले, पिशवी पाठीवर घेतली. दोन्ही पट्टे खांद्यांवर, कमरेचा पट्टा आवळून, जड वस्तू पाठीच्या कण्यालगत. हे मी रुग्णांना वर्षानुवर्षे सांगत आले आहे.

त्या रात्री ट्रायपॉड उघडलाच नाही. भीतीने बाबांचा कंप इतका वाढला होता की पाण्याची बाटलीही धरवेना. शिवाय त्या चौकात तो उघडणे योग्यही नव्हते. अंधारात, खांद्यावर मुले घेतलेल्या माणसांच्या गर्दीत पसरलेले तीन पाय म्हणजे इतरांसाठी अडसर. तेथील कर्मचारी वाटेत ते लावू देत नाहीत, आणि बरेच करतात. किल्ल्यावर चित्रे सरकली, माथ्यावरून टिंकर बेल तारेवरून उडत गेली, आकाश भरून गेले. बाबांनी श्रवणयंत्राचा आवाज बंद केला आणि सगळे पाहिले. नंतर गर्दी ओसरेपर्यंत आम्ही पाऊण तास बसून राहिलो. मधेच ते म्हणाले, “किल्ला दिसतो तेवढा उंच नाही. वरच्या विटा लहान केल्यात.” ते खरे होते. त्याची उंची १८९ फूट आहे आणि वर जाताना विटा-खिडक्या लहान करत नेल्याने तो अधिक उंच भासतो. शरीर घाबरलेले असतानाही त्यांची नजर काम करत होती, हे पाहून मला धीर आला.

दुसऱ्या दिवशी बहिणीने सुचवले की उद्यानात जायचेच नाही. सरोवराच्या दक्षिण काठावर पॉलिनेशियन व्हिलेज हे रिसॉर्ट आहे; तेथून पाण्यापलीकडे किल्ला समोर दिसतो. आम्ही तेथे संध्याकाळच्या जेवणाची जागा राखून ठेवली. जेवून काठाकडे गेलो. वाळूत खुर्चीची चाके रुततात आणि ट्रायपॉडचे पायही हळूहळू खचतात, म्हणून फरसबंद वाटेच्या कडेला, येणाऱ्या-जाणाऱ्यांना जागा सोडून बसलो. ट्रायपॉडच्या पायांना घरूनच पांढरी चिकटपट्टी लावली होती. अंधारात कोणी अडखळू नये म्हणून.

दूरवरून चित्र काढायचे तर लांब पल्ल्याची लेन्स लागते आणि ती लहानसा हेलकावाही मोठा करून दाखवते. बाबांनी पायांचे जाड तुकडे आधी उघडले, बारीक तुकडे मिटलेलेच ठेवले, मधल्या दांड्याच्या आकड्याला पाठपिशवी टांगली. आदल्या रात्री खुर्ची उलथवणारे तेच ओझे आता ट्रायपॉडला जमिनीशी धरून होते. किल्ल्याच्या दिव्यांवर नजर जुळवून त्यांनी आपोआप जुळणारी यंत्रणा बंद केली. कॅमेऱ्यातील कंप कमी करणारी सोयही बंद केली. ट्रायपॉडवर कधी कधी तीच चित्र हलवते. “याचा कंप थांबवायला औषध लागत नाही,” ते कॅमेऱ्याकडे पाहत म्हणाले.

पाण्यापलीकडे प्रकाश आधी दिसे आणि आवाज चार-पाच सेकंदांनी, मऊ होऊन येई. श्रवणयंत्र बंद करावे लागले नाही. धूरही आमच्याकडे आला नाही. पहिल्या मिनिटांतली चित्रे सर्वांत स्वच्छ येतात, कारण नंतर धूर साचतो, हे त्यांना गच्चीवरच समजले होते. म्हणून सुरुवातीला ते एकही शब्द बोलले नाहीत. मी खुर्चीचे ब्रेक दोनदा तपासले. एकदा ते उठू लागले तेव्हा मी नुसता खांद्यावर हात ठेवला. बटण त्यांच्या मुठीत होते, मूठ मांडीवर थरथरत होती. बाण वर निघाला की दाब, फूल मिटले की सोड.

एकेचाळीस चित्रे आली. खोलीवर परतल्यावर त्यांनी सत्तावीस पुसून टाकली. इतकी निर्दय निवड त्यांनी कृष्णेच्या पुराचीही केली नव्हती. उरलेल्या चौदांत एक विचित्र होते. प्रकाशाच्या रेघा नागमोडी, लाटालाटांच्या, जणू कोणी आकाशावर घाईने काही लिहिले आहे. शेवटच्या भडक्याच्या वेळी त्यांनी कॅमेरा ट्रायपॉडवरून काढून हातात घेतला होता आणि मला ते दिसलेच नव्हते.

“हे का ठेवलंत, बाबा?” मी विचारले.

“ही माझी सही,” ते म्हणाले, आणि चष्मा काढून उद्याचा गजर किती वाजताचा लावायचा ते विचारू लागले.