हजेरी

बंगलोरमधल्या इंदिरानगरच्या आकाशातून विमानं जायची तेव्हा आम्ही बोलणं अर्ध्यावर थांबवायचो आणि आवाज ओसरला की त्याच शब्दापासून पुढे सुरू करायचो. इथल्या जुन्या रहिवाशांना ही सवय आठवत असेल. एचएएल या विमान कारखान्याचा विमानतळ आमच्या दक्षिणेला, मध्ये दोम्मलूर. मुंबईहून येणारं विमान पश्चिमेकडून खाली उतरताना गच्चीवरून दिसायचं, पोटाखालच्या चाकांसकट. बाबा एचएएलमध्येच नोकरीला होते. जेवताना मान वर न करता, नुसत्या आवाजावरून ते विमान ओळखायचे. मुंबईचं विमान गेलं की आई म्हणायची, "आलं आपलं." त्यात आमचं कुणी नसायचं. तरी ते आपलं.

१४ फेब्रुवारी १९९०, बुधवार. दुपारी एक वाजून गेला होता. मी गच्चीवर वाळलेले कपडे काढत होते. दोम्मलूरच्या बाजूला धूर दिसला. काळा, जाड, वारा नसल्यासारखा सरळ वर चढणारा. ऊन स्वच्छ होतं, फेब्रुवारीतल्या बंगलोरचं असतं तसं, आणि खालच्या रस्त्यावर टॅबेबुयाच्या गुलाबी फुलांचा सडा पडलेला. माझी थोरली बहीण सांगते की आधी मोठा धप्प आवाज आला, खिडक्या थरथरल्या. मला आवाज आठवत नाही. मला आठवतो तो हातातला बाबांचा खाकी शर्ट, त्याची उन्हाने कडक झालेली कॉलर, आणि शेजारच्या गच्चीवरच्या बाईंनी कन्नडमध्ये मारलेली हाक. विमान पडलं, असं त्या ओरडत होत्या.

ते इंडियन एअरलाइन्सचं ६०५ क्रमांकाचं विमान होतं. मुंबईहून तासभर उशिरा निघालेलं. धावपट्टीच्या अलीकडेच, गोल्फच्या मैदानावर ते टेकलं, उसळलं, पुढच्या बांधावर आदळलं आणि विमानतळाच्या कुंपणाच्या भिंतीजवळ पेटलं. आत १४६ माणसं होती. ९२ गेली. जी वाचली त्यातली बरीचशी मागच्या बाजूला बसलेली होती. विमान नवंकोरं एअरबस ए-३२० जातीचं, इंडियन एअरलाइन्सच्या ताफ्यात येऊन वर्षही झालेलं नव्हतं.

हे आकडे नंतरचे. त्या दुपारी आम्हांला एवढंच ठाऊक होतं की विमान मुंबईचं होतं. आमच्या गल्लीत फोन असलेली घरं मोजकी, त्यांतलं एक आमचं. अर्ध्या तासात दिवाणखान्यात माणसं जमली. कुणाचा भाऊ बुधवारी येणार होता, कुणाच्या जावयाने "या आठवड्यात येतो" एवढंच कळवलं होतं. आईने दादरला मामाकडे एसटीडी लावायला घेतला. लाइन मिळेना. ती डायल फिरवायची, 'या मार्गावरील सर्व लाइन्स व्यस्त आहेत' हे ऐकायची, ठेवायची, पुन्हा फिरवायची. मामा येणार नव्हता हे तिला माहीत होतं. तरीही. शेवटी फोन लागला तो मामाकडूनच. तिकडे कुणीतरी सांगितलं होतं की बंगलोरला वस्तीवर विमान पडलं. तो आम्हांला मोजत होता आणि आम्ही त्याला.

बाबा त्या दिवशी वेळेवर घरी आले नाहीत. विमानतळ तेव्हा एचएएलच्याच ताब्यात होता. कारखान्यातली माणसं मिळेल त्या वाटेने तिकडे धावली होती. रात्री आले तेव्हा बूट गोल्फच्या मैदानालगतच्या चल्लघट्ट्याच्या चिखलाने भरलेले. काही बोलले नाहीत. बादलीभर पाण्याने अंगणातच पाय धुतले, आणि मग आईने विचारायच्या आधीच म्हणाले, "आपल्या ओळखीचं कुणी दिसलं नाही."

दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात प्रवाशांची यादी आली. बारीक टायपात, दाटीवाटीने. आईने पेपर जेवणाच्या टेबलावर पसरला आणि तर्जनी पहिल्या नावावर ठेवली. बोट सरकायचं, एखाद्या मराठी आडनावापाशी थबकायचं. ती डोळे बारीक करायची, आडनावाआधीची आद्याक्षरं वाचायची, मनातल्या मनात नातेवाइकांची, माहेरच्या गावाची, मंडळाच्या गणेशोत्सवात भेटणाऱ्यांची उजळणी करायची. मग बोट पुढे. यादी संपली. ओळखीचं कुणी नव्हतं. मला वाटलं आता ती पेपर घडी करून ठेवील. तिने पुन्हा वरून सुरुवात केली. या वेळी प्रत्येक नाव मोठ्याने, पूर्ण, सावकाश वाचलं. मराठी, गुजराती, कन्नड, तमिळ, सगळी. उच्चार अडला की थांबून नीट करून घेतला. त्या यादीतली एकही व्यक्ती तिने कधी पाहिलेली नव्हती.

मोठी वाईट बातमी आली की माणूस पहिल्यांदा आपली माणसं मोजतो. यात लाजण्यासारखं काही नाही. शरीर जसं ठेच लागल्यावर आधी स्वतःचा अंगठा पाहतं, तसंच ते. पण मोजणी संपल्यावर काय करायचं, हा खरा प्रश्न आहे. बहुतेक जण तिथे सुटकेचा श्वास टाकतात आणि बातमी तिथेच संपते. आईची तिथे सुरू झाली.

बाबांनी पुढे कित्येक दिवस त्या अपघाताचा ध्यास घेतला होता. कागदावर रेघा काढून आम्हांला समजावायचे. उतरताना यंत्रणेला वेग धरून ठेवायला सांगायचं असतं. इथे ती नुसतं खाली उतरण्याच्या अवस्थेत राहिली. इंजिनं मंद फिरत राहिली, वेग घटत गेला, आणि वैमानिकांच्या ध्यानात आलं तेव्हा जमीन जवळ आली होती. जेट इंजिनाला मंद गतीवरून पूर्ण जोरावर यायला काही सेकंद लागतात. तेवढे सेकंद उरले नव्हते. कर्नाटक उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी चौकशी केली, इंडियन एअरलाइन्सची त्या जातीची सगळी विमानं काही महिने जमिनीवर उभी राहिली. बाबांना वैमानिकांना दोष देणं जड जायचं. "इतकं नवं यंत्र, आणि शिकायला वेळ किती मिळाला त्यांना?" एवढं म्हणून कागद चुरगाळायचे.

अशी बातमी आली तेव्हा आपण कुठे होतो, ही आठवण किती खरी, याचा शोध घेणारेही आहेत. कोलग्रोव्ह नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने १८९९ मध्ये लिहून ठेवलंय : लिंकनच्या खुनाची बातमी कळली तेव्हा तुम्ही कुठे होता, असं त्याने १७९ जणांना विचारलं, आणि तीसहून अधिक वर्षं उलटूनही १२७ जणांनी जागा, वेळ, सोबतची माणसं सांगितली. पुढे १९८६ च्या जानेवारीत चॅलेंजर यान फुटलं, तेव्हा उल्रिक नायसर यांनी दुसऱ्याच दिवशी एमरी विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं, आणि काही वर्षांनी त्यांतल्या काहींना तेच पुन्हा विचारलं. पाव जणांचा एकही तपशील जुळला नाही. त्यांना त्यांच्याच हस्ताक्षरातला कागद दाखवला तरी मनातलंच खरं वाटत राहिलं. माझा खाकी शर्ट आणि बहिणीच्या थरथरत्या खिडक्या यांचा निवाडा होणार नाही, आणि मला तो करायचाही नाही. आईचं बोट मात्र आम्हां दोघींना सारखंच आठवतं.

त्या अपघाताच्या आधीची बातमी १९८४ ची. तोही बुधवारच, ३१ ऑक्टोबर. आमचं इंदिरानगर सत्तरच्या दशकाच्या अखेरीस आखलेलं, इंदिरा गांधींचंच नाव दिलेलं. अर्धी घरं अजून बांधायची होती, मोकळ्या प्लॉटवर गवत होतं, आणि आमच्या फाटकाशी बुचाच्या फुलांचा पांढरा खच. मी शाळेत. दुपारी अचानक सोडून दिलं, कारण सांगितलं नाही. आकाशवाणीवर सतारी, सारंग्या, मध्ये गोळीबार झाल्याची त्रोटक वाक्यं. गोळ्या सकाळी नऊनंतर झाडल्या गेल्या होत्या; इंदिरा गांधी गेल्या, हे आकाशवाणीने संध्याकाळी सहाला सांगितलं. तोवर ज्यांच्याकडे शॉर्टवेव्ह होतं त्यांना बीबीसीवरून कळून चुकलं होतं. त्यांच्या मुलालासुद्धा, बंगालच्या दौऱ्यावर असताना, ट्रान्झिस्टर कानाला लावून बीबीसीच ऐकावं लागलं. आपल्या आईचं काय झालं हे परदेशी निवेदकाकडून कळावं, ही गोष्ट मला आजही सहन होत नाही.

गोळ्या झाडणारे अंगरक्षक होते आणि ते शीख होते, हेही कळलं. बाबांनी रेडिओ बंद केला, चपला घातल्या आणि समोरच्या गल्लीत गेले. तिथे वायुदलातून निवृत्त झालेले एक सरदारजी राहायचे. बाबा त्यांच्या व्हरांड्यातल्या खुर्चीवर जाऊन बसले, रस्त्याकडे तोंड करून. मी रात्री जेवायला बोलवायला गेले तेव्हा दोघं मारुत विमानाबद्दल बोलत होते, बंगलोरलाच एचएएलमध्ये घडलेल्या त्या लढाऊ विमानाबद्दल, जणू काही झालंच नव्हतं. आणखी दोघं शेजारी येऊन बसले होते, एक बँकेतले तमिळ गृहस्थ, एक कन्नड मास्तर. बाबा दुसऱ्या दिवशीही गेले, तिसऱ्याही. आमच्या गल्लीत काही झालं नाही. दिल्लीत त्या दिवसांत, सरकारी आकड्यानेच, २,७३३ शीख मारले गेले.

तिथे का जाऊन बसायचे, हे मी विचारलं तेव्हा बाबांनी कारण सांगितलं, एकदाच. ३० जानेवारी १९४८ ला ते बारा वर्षांचे होते. सातारा जिल्ह्यातलं खेडं, वाईच्या बाजूचं. गावात रेडिओ नव्हता. गांधीजी गेल्याचं दुसऱ्या दिवशी सकाळी मोटारीतून उतरलेल्या माणसाने सांगितलं. आजोबा ओसरीवर बसून रडले. मग मारणाऱ्याचं आडनाव कळलं. सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात त्या दिवसांत ब्राह्मणांची किती घरं जळली हे त्या पिढीला पाठ आहे; कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओदेखील जळला. बाबांचं घर जळलं. घरातली माणसं वाचली, कारण शेजारच्या कुणबी घरातल्या म्हातारीने त्या सगळ्यांना आपल्या सोप्यात घेतलं आणि स्वतः उंबऱ्यात ठाण मांडून बसली. जमाव आला तेव्हा ती तांदूळ निवडत होती. "उठली नाही," बाबा म्हणाले. "नुसती बसून राहिली."

आमच्या घरात गांधीजींच्या खुनाबद्दल बोलताना घर जळल्याचं आधी कधी निघत नसे. आधी आजोबा रडले हे सांगितलं जाई. या क्रमासाठी मी त्या घराची ऋणी आहे.

११ सप्टेंबर २००१ ला मी एअरपोर्ट रोडच्या एका ऑफिसात होते. आपल्याकडे संध्याकाळचे सव्वासहा, म्हणजे बंगलोरच्या सॉफ्टवेअरवाल्यांची न्यूयॉर्कशी बोलायची वेळ. कॉल सुरू होता, पलीकडचा माणूस वाक्याच्या मध्ये थांबला आणि म्हणाला, जरा थांबा, इथे काहीतरी झालंय. रात्री उशिरापर्यंत आमच्याकडे एका फळ्यावर तिकडे गेलेल्या सहकाऱ्यांची नावं लिहिलेली होती. फोन लागला की नावापुढे खूण. सगळ्या खुणा झाल्या तरी कुणी घरी गेलं नाही.

२००८ च्या मे महिन्यात विमानं देवनहळ्ळीच्या नव्या विमानतळावर गेली आणि इंदिरानगरचं आकाश मोकळं झालं. तोवर शंभर फुटी रस्त्यावर घरांची दुकानं झाली होती. त्याच वर्षी २६ नोव्हेंबरला, पुन्हा एका बुधवारी रात्री, मराठी वाहिनीवर सीएसटीचा फलाट दिसला. आई आता नव्हती. बाबा बहात्तर वर्षांचे. त्यांनी मोबाइल हातात घेतला आणि दादर, गोरेगाव, डोंबिवली अशी नावं एकेक करत लावली. सगळे सापडल्यावरही टीव्ही बंद केला नाही. तीन रात्री ते खुर्चीतच झोपले.

त्या तीन दिवसांत मुंबईवरच्या हल्ल्यात १६६ माणसं गेली. त्यातली दोन नावं बाबांनी मनाशी धरली. एक, सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे. गिरगाव चौपाटीवर त्यांच्या हातात होती ती नुसती काठी. त्यांनी हल्लेखोर कसाबच्या बंदुकीची नळी धरली आणि गोळ्या अंगावर घेऊनही सोडली नाही. ते सातारा जिल्ह्यातल्या केडंब्याचे. दुसरं, मेजर संदीप उन्नीकृष्णन, २८ तारखेला ताज हॉटेलमध्ये धारातीर्थी पडलेला. केरळी कुटुंब, वडील इस्रोतून निवृत्त, आणि शाळा फ्रँक अँथनी, केंब्रिज रोडची, म्हणजे आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावरची. १९९५ पर्यंत तो तिथेच शिकला. म्हणजे मुंबईचं विमान आमच्या शेजारी पडलं त्या वर्षी बाराएक वर्षांचा हा मुलगा याच शाळेच्या गणवेशात याच रस्त्यांनी ये-जा करत होता. एकोणतीस तारखेला त्याला निरोप द्यायला बंगलोर लोटलं.

त्या संध्याकाळी डोंबिवलीहून बाबांच्या चुलतभावाचा, अण्णांचा फोन आला. मी स्पीकर लावून दिला, कारण बाबांना कमी ऐकू येऊ लागलं होतं. खुशाली आदल्या दिवशीच विचारून झाली होती.

"आपल्या केडंब्याचा हो तो," अण्णा सांगत होते. "मेढ्याच्या पुढे. आपण लहानपणी जत्रेला गेलो होतो त्या बाजूला."

"आठवतंय," बाबा म्हणाले. "आणि हे बघ, तो मेजर आपल्या इथल्या शाळेतला. मी रोज फिरायला जातो ना, त्या रस्त्यावरची शाळा. लिहून घे नाव. उन्नीकृष्णन. दोन न आहेत, नीट लिही."