नाणेघाट खालूनच चढावा

शहापूर-शेणव्याकडून सरळगावला आलं की माळशेजच्या रस्त्याने वैशाखरे गाठता येतं. नाणेघाट इथूनच पायी चढावा, असं माझं ठाम मत आहे. जुन्नरकडून गाडी थेट घाटमाथ्यावर जाते. माणसं दगडी रांजण पाहतात, गुहेत डोकावतात आणि परततात. पण सातवाहनकाळी कल्याण बंदरातला माल जुन्नरला चढायचा तो या खालच्या वाटेने. कातळात खोदलेली पाण्याची टाकी चढणीवर लागतात, तेव्हा ओझं वाहणाऱ्यांची तहान कळते. मग गुहेतला सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेखही वेगळा वाचला जातो. यज्ञात दान दिलेल्या गायी, घोडे, कार्षापण नाणी यांचे आकडे त्यात कोरलेत. एवढी संपत्ती आली कुठून, याचं एक उत्तर याच व्यापारी वाटेत आहे. गुहेच्या मागच्या भिंतीवरचे राजकुळाचे पुतळे नाहीसे झाले, वर कोरलेली नावं तेवढी उरली.

म्हातारीकोतारी माणसं एवढं कशी चढणार, हा आक्षेप रास्त आहे. त्यांच्यासाठी वरचा रस्ता हवाच. पण धडधाकट माणसाने केवळ वेळ वाचवायला तो धरला, तर घाट पाहून होतो, तो खोदला कशासाठी हे कळत नाही. शिवाय खालून जाणारा वैशाखऱ्यात चहापाण्याला थांबला, तर चार पैसे मुरबाड तालुक्यातच राहतात.