गंज

तो गंज अजून आमच्याच घरी आहे. स्वयंपाकघरातल्या फळीवर, लोणच्याच्या बरणीला खेटून. वऱ्हाडाबाहेरच्या माणसाला गंज म्हटलं की लोखंडावर चढणारा तांबूस थर आठवतो. आमच्याकडे गंज म्हणजे पातेलं. हे स्टीलचं आहे, बुडाशी एक पोचा, काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं नाव. ते नाव आमचं नाही. आणि ज्या घरातून तो आमच्याकडे आला, त्या घराचंही नाही.

गेले काही दिवस पाणी प्यायला आत गेलो की माझी नजर आधी त्याच्याकडे जाते, आणि आजीची म्हण आठवते. ‘शेजीबाईची कढी, धावू धावू वाढी.’ आजी हे म्हणायची तेव्हा तिच्या आवाजात टोचणी असायची. कुणी दुसऱ्याच्या जिवावर उदार झालं की हे वाक्य यायचंच. पुढे शाळेत अर्थ लिहून घेतला, तो थोडा वेगळा होता: एखाद्याने प्रेमाने दिलेली वस्तू त्यालाच परत देणे. वहीत लिहिला, गुण मिळाले, विसरलो. आता वाटतं, दोन्ही अर्थांमध्ये त्या धावण्याचं कुणी काही सांगत नाही. ती धावते का? कढी गरम आहे म्हणून? भांडं तापलंय, पदराने धरलंय, हात भाजतोय म्हणून? की घेणाऱ्याच्या मनात काही यायच्या आत ती पानात पडावी म्हणून?

आणि कढीच का? वरण का नाही? कढीला ताक लागतं, आणि ताक घरोघरी नसतं. ज्याच्या दावणीला म्हैस, त्याच्याकडे ताक. बाकीच्यांनी भांडं घेऊन जायचं. आमच्या गल्लीत ताक विकत देणं बरं मानत नसत. ते मागायचं असे आणि द्यायचं असे. म्हणून तर ताकाला जाऊन भांडं लपवू नये, हीही म्हण आपल्याकडे आहे. भांडं लपवणारी ती बाई मला लहानपणी खोटारडी वाटायची. आता तिची दया येते. दारात उभी आहे, मुलाची तब्येत, पाऊसपाणी, सगळं बोलून झालंय, आणि मागायचा शब्द काही निघत नाही. भांडं पदराखाली. दोन म्हणी, दोन्हींत शेजार, दोन्हींत ताक. एकीत मागणारीचे पाय जडावलेले, दुसरीत वाढणारी धावतेय. मधली बाई मात्र कुठल्याच म्हणीत नाही, जी न मागता गंज भरून आणते आणि एका वाक्यात ठेवून जाते.

22 जुलै 2023 ला शनिवार होता. अधिक श्रावण लागून पाच दिवस झाले होते. त्या दिवशी संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांवर जो पाऊस कोसळला, त्याचं वर्णन मी करू नये, कारण मी अकोल्यात होतो. उत्तरेला सातपुडा भिंतीसारखा उभा. त्याच्या आमच्याकडच्या उतारावर पडलेलं पाणी आमच्या सपाट काळ्या रानातून पूर्णेकडे उतरतं. काळी माती पाणी पिते, पण एकदा फुगली की तोंड मिटून घेते. मग वरचं पाणी वरूनच वाहतं आणि जाताना मातीचा वरचा थर घेऊन जातं. टीव्हीवर त्या दिवसांत इर्शाळवाडी होती. तिथे 19 जुलैच्या रात्री डोंगर खाली आला होता. वर जायला गाडीरस्ता नाही, यंत्र चढत नाही, त्यामुळे माणसं हातांनी माती उपसत होती. पायथ्याच्या गावांतले लोक अंधारातच वर निघाले होते. ते बघताना मी मधूनमधून घरी फोन लावत होतो. लागत नव्हता. रस्ते बंद होते. आमच्या गावी, वरवट बकालला, पोचलो तो सोमवारी, लांबच्या वाटेने.

घरात गुडघाभर गाळ. आई ओट्यावर बसलेली, समोर तो गंज. त्यात तळाशी थोडी कढी उरली होती, आणि दोन गोळे. आमच्याकडे डाळ भिजवून, वाटून, तिचे गोळे कढीत सोडतात. कढीगोळे हा पाहुण्यांचा स्वयंपाक. पुरात हे कुठून? आईने समोरच्या घराकडे मान वळवली, आणि मला खरंच काही सुचेना. कारण त्या घराशी आमचं अकरा वर्षं बोलणं नव्हतं.

भांडण धुऱ्याचं, म्हणजे बांधाचं. त्यांचं वावर वरच्या अंगाला, आमचं खालच्या, मधे धुरा. कोणी तो किती कोरला, हे मी इथे लिहिणार नाही. दोन्ही घरांकडे आपापला हिशेब आहे आणि दोन्ही हिशेब मला तोंडपाठ आहेत. आई सांगत होती ते एवढंच. समोरच्या काकूंचं जोतं उंच, म्हशी वाचल्या. रस्ते बंद, म्हणून दूध बाहेर गेलंच नाही. एवढ्या दुधाचं करायचं काय, म्हणून विरजण लावलं. रविवारी त्यांनी ताक घुसळलं, आणि ताकात पाणी आणि बेसन घालत गेलं की कढी दहा माणसांना पुरते, विसांना पुरते. संध्याकाळी काकू चिखलातून आल्या, गंज आईच्या हातात दिला आणि म्हणाल्या, “घ्या. गरम हाये.” अकरा वर्षांनंतर एवढंच.

पुढचे आठ-दहा दिवस त्यांच्या स्लॅबवर आमचे गहू वाळत होते. बाबा आणि काका मिळून बोअरची मोटर काढत होते. दोघं सापाबद्दल बोलले, डिझेलबद्दल बोलले, गाळात सापडलेल्या चपलांबद्दल बोलले. धुऱ्याबद्दल अक्षरही नाही. पोळ्यापर्यंत बोलणं पुन्हा बारीक होत ‘पाऊस कसा’ इथवर येऊन थांबलं. पूर ओसरावा तसं ते ओसरलं, असं लिहायचा मोह होतो, पण तसं नव्हतं. पाणी गेल्यावर गाळ राहतो. बोलणं गेल्यावर काय राहिलं, ते मला सांगता येत नाही.

या सगळ्यात मला किराणा दुकान का आठवत राहतं, कोण जाणे. कदाचित गावाच्या नावामुळे असेल. बकाल म्हणजे आज मराठीत कळाहीन, ओंगळ. शहरात गावाचं नाव सांगितलं की लोक जरा थांबून पाहतात. पण मूळ अरबी बक्काल म्हणजे भाजी-किराणा विकणारा, आणि जुन्या मराठी कागदांत वाणी, उदमी, बकाल एका ओळीत बसलेले असतात. म्हणजे ज्याच्याकडे वही असते तो. तर आमच्या गल्लीतल्या दुकानात पाणी शिरलं आणि उधारीची वही भिजली. दुकानदाराने तिची पानं सुटी करून दोरीवर चिमट्यांनी टांगली होती, कपड्यांसारखी. बॉलपेनने लिहिलेली खाती टिकली. जेलपेनची गेली, निळा डाग आणि कडेला काही शून्यं. त्याने कुणाला विचारलं नाही. काहीजण आपणहून गेले, काही नाही गेले. बाबांचं खातं जेलपेनचं होतं. ते गेले आणि म्हणाले, अकराशे चाळीस. दुकानदाराने नव्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतलं. मी शेजारी उभा होतो. बाबांच्या चेहऱ्यावर त्या पंधरा दिवसांत पहिल्यांदा काहीतरी हलकं झालेलं दिसलं. अकराशे चाळीस फेडता येतात. आकडा आहे, वही आहे, एक दिवस त्याच्यावर आडवी रेघ येते. कढीला वही नाही. म्हणून ती अशी फळीवर येऊन बसते.

आई गंज परत करायला गेली होती. रिकामं भांडं परत देत नाहीत, म्हणून तिने त्यात तुरीची डाळ घातली. काकूंनी डाळ घेतली आणि गंज हातात फिरवून, नाव वाचून म्हणाल्या, “हा आमचा नाही वो बाई. पुरात आमच्या गोठ्याच्या दारी आला होता. तुम्हीच ठेवा.” म्हणजे वरच्या अंगाच्या कुठल्यातरी गावात कुणाच्या तरी लग्नात आहेर म्हणून आलेलं भांडं, पाण्याने आमच्या गल्लीत आणून सोडलं, काकूंनी घासून त्यात कढी केली आणि जिच्याशी बोलत नव्हत्या तिला नेऊन दिली. आईने त्या नावाची आजूबाजूला चौकशी केली. त्या आडनावाची घरं बरीच आहेत, पण त्या दोन नावांची जोडी भेटली नाही. तेव्हापासून त्यात कायम मूठभर डाळ असते. कुणी आलंच मागायला, तर रिकामं द्यावं लागू नये.

इथवर ही गोष्ट भांड्याची आहे आणि मला तिचा त्रास नाही. त्रास मातीचा आहे.

धुरा वाहून गेला. काकांच्या वावरातला वरचा थर, हातभर ठिकठिकाणी, पाण्याने उचलला आणि आमच्या वावरात आणून पसरला. तलाठी पंचनाम्याला आले तेव्हा मी बरोबर होतो. तेव्हाच्या सरकारी निकषांत दोन वेगवेगळ्या ओळी होत्या: जमीन खरडून गेली तर हेक्टरी 47,000 रुपये, आणि शेतात 3 इंचांहून जास्त गाळ बसला तर तो काढायला हेक्टरी 18,000. एकच माती. काकांच्या सातबाऱ्यावर ती खरडून गेलेली जमीन, आमच्या सातबाऱ्यावर गाळ. मधे पन्नास पावलंही नाहीत. पिकाची मदत हवी तर नुकसान निदान 33 टक्के हवं, हेही त्याच दिवशी कळलं, आणि धोंड्याचा महिना असल्याने घरी आई जावयाला द्यायच्या 33 अनारशांचं पीठ वाहून गेलं म्हणून हळहळत होती. त्या आकड्यांचा एकमेकांशी संबंध नाही. पण ते तेव्हापासून माझ्या डोक्यात शेजारीशेजारी राहतात.

बाबांनी गाळाचा अर्ज केला नाही. म्हणाले, त्याची माती काढून टाकायला मी सरकारकडे पैसे मागू? मला तेव्हा बाबांचा अभिमान वाटला. मग रब्बीत त्यांनी त्याच मातीत हरभरा पेरला. घाटे असे लागले की येणारेजाणारे थांबून पाहायचे. काकांच्या रानात त्या वर्षी खालचा मुरूम वर आलेला. ते एकदा आमच्या हरभऱ्याकडे बघत बराच वेळ उभे होते. मी जवळ गेलो तर म्हणाले, “चांगला हाये रे.” आणि निघून गेले. त्यात कडवटपणा होता का? मी ते तीन शब्द किती वेळा परत ऐकलेत. प्रत्येक वेळी वेगळे ऐकू येतात.

ती माती त्यांनी दिली नव्हती. पाण्याने आणली. आम्ही मागितली नाही, भांडं लपवलं नाही, भांडं नेलंच नाही. तरी वाढलं गेलं. मग आम्ही त्याच्यातला हरभरा पहिल्या खेपेला त्यांच्या घरी पायलीभर पोचवला, आणि आजी असती तर तिने ती म्हण म्हटलीच असती. शेजीबाईची कढी. पण कुठल्या अर्थाने म्हटली असती? ज्याचं त्यालाच दिलं म्हणून, की दुसऱ्याचं मिरवलं म्हणून? मला वाटायचं तिचा अर्थ कडू आणि शाळेचा गोड. आता दोन्ही उलटसुलट होतात. ज्याचं त्यालाच परत देऊन मोकळं होणं, यातही एक कडूपणा असावा. काकूंना डाळ परत देताना आईला जी घाई झाली होती, ती मी पाहिली आहे. तीही जवळजवळ धावतच गेली होती.

आणि दुसरं मन म्हणतं, हे सगळं बसून शब्द चिवडणाऱ्याचं सुख आहे. माती बैलगाड्यांनी परत टाकता आली असती. तीन पावसाळे झाले, टाकली नाही. बाबा म्हणतात, आता ती आपल्या मातीत मिसळली, कोणती कुणाची कसं ओळखणार. खरं आहे. मी वावरात उकरून पाहिलं, एक वीत खाली, दोन वीत खाली. रंगाचा किंचित फरक दिसतो, किंवा मला तो पाहायचा आहे म्हणून दिसतो.

येत्या गुरुवारी मोजणी आहे. अर्ज कुणी केला, ते राहू दे. भूमी अभिलेखची माणसं येतील, यंत्र लावतील, खुणा करतील. नकाशावरचा धुरा होता तिथेच निघेल, वर कुणाची माती आहे ते नकाशाला दिसत नाही. दोन्ही घरची माणसं सकाळपासून वावरात असणार, आणि ऊन असेल.

काल आईने फळीवरून गंज खाली काढला. डाळ डब्यात ओतली, चिंचेने आतबाहेर घासला, नाव असलेल्या बाजूने जरा हळू. मग मला विचारलं, “गुरुवारी कढी किती जणांची टाकू?”

मी अजून तिला सांगितलेलं नाही.