वडशाचा भात आणि आमचें अवधान

गेल्या पौषांत एका स्नेह्यांच्या आग्रहावरून आम्ही वडशास गेलों. गोंदियाहून बल्लारशाकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, वैनगंगेच्या पूर्वतीरीं हें गांव वसलें आहे. गडचिरोली जिल्हा १९८२ सालीं चंद्रपुराहून वेगळा झाला. त्या अरण्यमय जिल्ह्याचें आगगाडीचें दार तें हेंच. सरकारी दप्तरीं याचें नांव देसाईगंज. लोकांच्या जिभेवर मात्र वडसाच.

प्रवासाचें खरें निमित्त प्रकृतीचें होतें. वर्षभर झोप उडाली होती. डॉक्टरांनीं रक्तदाबाच्या गोळ्या दिल्या आणि सोबत उपदेशहि केला कीं, मन हातांतल्या कामावर ठेवीत जा. आम्हीं पहाटे पाट मांडून डोळे मिटून पाहिले. पण डोळे मिटतांच वाण्याचा हिशेब आणि कचेरींतले कागद अधिकच स्पष्ट दिसूं लागत! तेव्हां हा अभ्यास आपल्या प्रकृतीचा नव्हे, असें ठरवून आम्हीं तो सोडून दिला होता.

वडशास पोहोंचल्यावर पहिल्याच पंक्तीस आमची फजिती झाली. पान वाढलेलें, आणि आमची दृष्टि डाव्या हातांतील मोबाइलवर. यजमानांच्या वृद्ध मातोश्री भाताचें पातेलें घेऊन आल्या व म्हणाल्या, "भात वाढूं का जी?" आम्हीं मान वर न करतांच उत्तर दिलें, "उत्तम झाला आहे!" क्षणभर सारी पंगत स्तब्ध झाली. मग मातोश्री हंसून म्हणाल्या, "अजून वाढलाच नाहीं ना जी!" मुलें खदखदून हंसलीं. आम्हांसहि हंसावें लागलें; परंतु तें हंसूं घशाखालीं उतरेना. आपल्या घरीं अशीं उत्तरें आपण किती जणांस दिलीं असतील, हा विचार मनांतून जाईना.

मग यजमानांनीं त्या भाताची कथा सांगितली. तो ‘एचएमटी’ तांदूळ होता. याच लोहमार्गावर नागभीड लागतें. त्या तालुक्यांतील नांदेड गांवचे दादाजी खोब्रागडे हे अल्पशिक्षित, अल्पभूधारक शेतकरी. १९८३ सालीं आपल्या धानाच्या शेतांत त्यांस तीन लोंब्या इतरांहून निराळ्या दिसल्या. त्यांनीं त्या वेगळ्या राखल्या, पुढील हंगामांत निराळ्या पेरल्या, आणि वर्षानुवर्षें निवड करीत नवें वाण सिद्ध केलें. त्या काळच्या लोकप्रिय घड्याळावरून त्यास हें नांव पडलें. दादाजी २०१८ सालीं निवर्तले. त्यांच्यापाशीं ना प्रयोगशाळा होती, ना सूक्ष्मदर्शक. होती ती बांधावर उभें राहून पाहणारी नजर. त्या तीन लोंब्यांवरून आमच्यासारख्याची दृष्टि खचित घसरून गेली असती!

रात्रीं जवळच्या खेड्यांत नाटकास गेलों. झाडीपट्टीच्या रंगभूमीचें केंद्र वडसा. अनेक नाटकमंडळ्यांच्या कचेऱ्या येथें आहेत. दिवाळीपासून होळीपर्यंत गांवोगांव मंडईच्या, शंकरपटाच्या निमित्तानें नाटकें होतात व तीं पहाटेपर्यंत चालतात. तालमी थोड्या, म्हणून सारी भिस्त प्रॉम्प्टरवर. आमचें लक्ष त्या गृहस्थांवर खिळलें. बोट वहीवर, कान नटाकडे. नट अडखळला कीं एक शब्द. न अडखळला तर मौन. नटाच्या आधीं धांवणें नाहीं, मागें रेंगाळणें नाहीं. डोळे मिटून आम्हांस जें साधलें नाहीं, तें हा मनुष्य डोळे उघडे ठेवून रात्रभर करीत होता.

पाश्चात्यांकडे हल्लीं यास ‘माइंडफुलनेस’ म्हणतात. जॉन कबाट-झिन यांनीं १९७९ सालीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रांत रुग्णांसाठीं वर्ग काढला. त्यांत एकच बेदाणा सावकाश पाहून, हुंगून, चावून खावयास शिकवितात. आपल्याकडे ज्ञानेश्वरमहाराजांनीं नवव्या अध्यायाच्या आरंभीं श्रोत्यांपाशीं अवधानच मागितलें आहे. आणि जेवणापूर्वीं चित्राहुति घालून क्षणभर थांबण्याची जी रीत आपण घाईनें उरकतों, तीहि या अभ्यासाची पहिली पायरी होऊं शकेल.

पहाटे वैनगंगेवर धुकें होतें. घाटावर एक बाई भांडें घांसून, धुऊन, पुन्हा उजेडाकडे धरून पाहत होती. आम्ही बराच वेळ तेथें उभे राहिलों.

घरीं परतल्यावर आमची झोप एकदम सुधारली, असें आम्ही म्हणणार नाहीं. गोळ्या चालूच आहेत. परंतु पानावर मोबाइल आणावयाचा नाहीं व पहिला घास मौनानें घ्यावयाचा, हा नेम घरांतील लहानथोरांनीं मिळून केला आहे. चार दिवस तो मोडतो, पांचव्या दिवशीं पुन्हा धरतों. आणि ज्या दिवशीं साधतो त्या रात्रीं अंथरुणावर मन थोडें कमी धांवतें.

परवां मातोश्रींनीं विचारलें, "भात वाढूं का?" आम्हीं पानाकडे पाहिलें, त्यांच्याकडे पाहिलें. मनगट किती बारीक झालें होतें त्यांचें! "थोडा वाढ, आणि आतां तूंहि बैस," आम्ही म्हणालों.