तळटिपेतलं नाव

माझ्या चित्रांखाली आज माझं नाव छापून येतं, ते बाईंमुळे. बाई वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापक, आणि मी चित्रकलेची पदविका घेऊन त्यांच्याकडे आकृत्या काढायला लागलेली मुलगी. कोकणातल्या कातळसड्यांवरच्या कीटकभक्षी वनस्पतींवर त्यांचं काम चालू होतं.

पावसाळ्यात सड्यावर फुलणारी सीतेची आसवं, म्हणजे युट्रिक्युलॅरिया, सगळ्यांच्या ओळखीची. फुलं मला सहज जमली. बाईंना हवे होते त्यांचे चिखलातले फुगे. मातीचं ढेकूळ पांढऱ्या बशीतल्या पाण्यात सोडून, मऊ कुंचल्याने त्या ते हळूहळू सुटं करत. मग बारीक धागे दिसू लागत आणि त्यांना लागलेले, खसखशीच्या दाण्याएवढे पारदर्शक फुगे. सूक्ष्मदर्शकाखाली फुग्याचं तोंड दिसे, आत झडप. कधी अडकलेला जीव अजून वळवळत असे.

नमुना म्हणून बाईंनी डार्विनचं कीटकभक्षी वनस्पतींवरचं 1875 सालचं पुस्तक पुढ्यात ठेवलं. त्यातला फुगा डार्विनच्या मुलाने, फ्रान्सिसने काढलेला. तोंडाची आत वळलेली कड फुग्याच्या भिंतीतून पुसट दिसते. त्याने ती तेवढीच पुसट ठेवली आहे, ठळक करण्याचा मोह टाळला आहे. मला ती आकृती फार थोर वाटते. बारीक जीव डोक्याने झडप ढकलून आत शिरतात, असं डार्विन मानत होता. फुगा आतलं पाणी बाहेर टाकून ताणलेला असतो आणि झडपेवरच्या केसाला धक्का लागताच भक्ष्य क्षणार्धात ओढून घेतो, हे पुढे विसाव्या शतकात उलगडलं. खुलासा बदलला, फ्रान्सिसच्या रेघा तशाच राहिल्या.

त्याच पुस्तकातली ड्रॉसेरा या दुसऱ्या कीटकभक्षी वनस्पतीची पानं फ्रान्सिसच्या थोरल्या भावाने, जॉर्जने काढली. पुढे खगोलशास्त्रात नाव काढलेला तोच हा जॉर्ज. पानावरच्या चिकट थेंबांचे केस डार्विनने 31 पानांवर मोजले होते: सरासरी 192, कमीत कमी 130, जास्तीत जास्त 260. मी पेन्सिल उचलली की बाई म्हणत, "तो माणूस केस मोजतो, आणि तू अंदाजाने काढणार होय गं?" मग मीही मोजायची.

पण त्यांनी मला आवर्जून वाचायला लावली ती त्या पुस्तकातली एक तळटीप. ड्रॉसेरा आणि डायोनिया या वनस्पतींची चित्रं जॉर्जची, अल्ड्रोव्हांडा आणि युट्रिक्युलॅरियाची फ्रान्सिसची, असं डार्विनने तीत नोंदवलं आहे. चित्रं लाकडावर कोरणाऱ्या कूपरचंही नाव आहे, वर लंडनच्या स्ट्रँडवरचा त्याचा पत्ता. बाई त्या ओळीवर बोट ठेवून म्हणाल्या, "बघ, कोरणाऱ्याचा पत्तासुद्धा दिलाय."

त्यांचा ग्रंथ छपाईला गेला, तेव्हा आकृत्या काढणाऱ्यांची नावं द्यायची पद्धत नाही, असं वरून कळवलं गेलं. बाईंनी छपाई थांबवली. बरेच महिने गेले. बढतीच्या फाईलमध्ये तो ग्रंथ दाखवायचा होता, तरी त्या हलल्या नाहीत. शेवटी पुस्तक आलं, ते प्रत्येक पानावर आकृतीखाली माझं नाव घेऊन.

त्या नावावरूनच पुढची कामं मिळाली. आता कुणी आकृत्या मागितल्या की मानधनाआधी मी विचारते, नाव कुठे येणार?