पद्मपाणीची भुवई

‘प्राच्यवाद’ हा शब्द मला पन्नाशीत भेटला. युरोपच्या चित्रकारांना पूर्वेचं लागलेलं वेड, असा अर्थ मी माझ्यापुरता लावला. त्या पुस्तकात फ्रेंच चित्रकार जेरोमचं गारुड्याचं चित्र होतं. मागे निळ्या फरशांची भिंत, पुढे साप धरलेला उघडा मुलगा. मी ते सगळं डोळ्यांदेखत घडलेलं समजलो. पुढे वाचलं, की ते दृश्य पॅरिसच्या चित्रशाळेत जुळवलेलं होतं.

मग असं वेड लागलेला कुणी आपल्या जिल्ह्यात शोधला, तर मद्रास फौजेतला रॉबर्ट गिल सापडला. ईस्ट इंडिया कंपनीनं 1844 मध्ये त्याला अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करायला धाडलं. कॅनव्हास, तैलरंग आणि वीसेक वर्षं. नक्कल करायला वीस वर्षं कशाला, हे मला कळेना.

म्हणून वही-पेन्सिल घेऊन एसटीनं फर्दापूर फाटा गाठला. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात उन्हातून शिरलो, तर डोळ्यांपुढे नुसता अंधार. पाचेक मिनिटांनी हातात निळं कमळ घेतलेला बोधिसत्त्व पद्मपाणी उमटू लागला. मी फक्त भुवई काढायची ठरवली. त्याची एका दमात ओढलेली, धनुष्यासारखी. माझी तीनही वेळा मधेच अडखळली.

“काय सुंदर फ्रेस्को!” मी गाइडला म्हणालो.

“फ्रेस्को नाही काका. तो ओल्या चुन्यावर होतो. इथं माती, भुसा, गवत यांचा गिलावा, वर चुन्याचा पातळ हात, आणि तो सुकल्यावर रंग.” भुसा-गवत किडे खातात, म्हणून पोपडे सुटतात, हेही त्यानंच सांगितलं.

घरी येऊन वाचलं ते मात्र जिव्हारी लागलं. रंग उजळ दिसावेत म्हणून त्या काळी नकला करणाऱ्यांनी भिंतींवर वॉर्निश लावलं. पुढे तेच पिवळं पडलं. प्रेमानं इजा केली, असंच मी म्हणेन.

आणि नकला? गिलच्या बहुतेक 1866 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. 1872 पासून मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतल्या ग्रिफिथ्सनं तिथल्या विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा काम केलं. त्यातल्याही कितीतरी 1885 मध्ये लंडनलाच जळाल्या. मूळ चित्र अजून भिंतीवर आहे.

जाल तेव्हा सोमवार टाळा, लेणी बंद असतात. आत मोबाइलचा दिवा लावू नका. पाच मिनिटं उभे राहा, भुवई दिसते.