ताईची कोल्हापुरी आणि माझा मोर

ताईचा साखरपुडा दहा दिवसांवर, आणि तिच्या कोल्हापुरीवर मी हौसेने रंगवलेल्या मोराचा पिसारा बोटांपाशी तडकला! चप्पल तिने स्वतः कोल्हापूरच्या चप्पल लाईनमधून आणलेली. त्या रात्री लोणी काळभोरच्या आमच्या घरात माझ्याशी कोणी बोललं नाही.

चूक माझीच. साधा अ‍ॅक्रिलिक रंग कॅनव्हासवर ठीक, पण चालताना चप्पल जिथे दुमडते तिथे त्याला चिरा पडतात. चामड्यासाठी वेगळा, वाळल्यावरही लवचिक राहणारा अ‍ॅक्रिलिक मिळतो. दुसरी भानगड तेलाची. कोल्हापुरीचं चामडं बाभळीची साल, हिरडा वगैरे वापरून कमावतात आणि मऊ राहावं म्हणून त्याला तेल लावतात. (आईने तर आदल्याच दिवशी मायेने खोबरेल चोपडलं होतं.) तेलकट चामड्यावर रंग धरणार कसा?

मग शनिवारी नवा डाव. अ‍ॅसिटोनच्या बोळ्याने जुना रंग आणि तेल हलक्या हाताने पुसलं, नीट वाळू दिलं. रविवारी नवीन रंगाचे पातळ हात, एक वाळला की मगच दुसरा. (ऑफिसात इतका धीर मी कधी धरत नाही, असो.) वरून फिनिशरचा एक हात. पिसारा या वेळी पट्ट्यावरच आवरला. तळावरचा रंग पायाने घासून जातोच, कितीही महागाचा असो.

रात्री ताईने चप्पल हातात घेऊन चार वेळा वाकवून पाहिली. मी श्वास रोखून उभा.

"आईला सांगून ठेव," ती म्हणाली, "खोबरेलची बाटली लपवलीये म्हणून."